भाऊंची गळकी टाकी

आमच्या आळीत आता बहुतेक घरांतून टाकी भरली की मोटार आपोआप बंद होते. कुणाला ओरडावं लागत नाही, कुणाला ओल्या हातांनी जिन्यावरून धावावं लागत नाही. सोय झाली, नाही म्हणत नाही. पण सकाळी डबे भरताना कुठून पाणी ठिबकल्याचा आवाज आला की माझे कान अजून गेटकडे जातात. लोखंडावर एक 'टक' व्हायला हवा, असं वाटत राहतं. तो होत नाही. तेवढ्यात तव्यावरची पोळी मात्र करपते.

तो 'टक' भाऊ जाधवांचा. भाऊ आमचे खालच्या अंगाचे शेजारी. मूळचे मंडणगडकडचे. एसटीत कंडक्टर म्हणून लागले, रत्नागिरीच्या डेपोत आले आणि राजापूर, मालगुंड करता करता इथलेच झाले. आमची आळी उतारावर आहे, त्यामुळे आमच्या गच्चीतून भाऊंचं घर सगळंच्या सगळं दिसायचं. जांभ्याच्या भिंती, वर सपाट स्लॅब, स्लॅबच्या कडेला काळी टाकी आणि टाकीच्या गळ्यातून बाहेर आलेला ओव्हरफ्लोचा पाइप. पाइपाखाली अळू. कोकणात जिथे पाणी ठिबकतं तिथे अळू असतोच, पण भाऊंचा अळू नुसता माजला होता. आळीतल्या प्रत्येक घरात त्या पानांचं फदफदं झालेलं आहे.

नोकरी संपता संपता तिकिटांची मशीनं आली, म्हणून भोकं पाडायचा जुना पंच भाऊंकडेच राहिला. तो त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम असे. भाजीला जाताना, दवाखान्यात जाताना, लग्नाकार्यालासुद्धा. गाडीतली घंटीची दोरी तुटलेली असली की कंडक्टर पंचानेच दांडीवर ठोके देतो. एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. या दोन ठोक्यांना ते लोक 'डबल' म्हणतात. भाऊंनी हा कारभार आळीत चालू ठेवला होता. नगरपालिकेचं पाणी आलं की भाऊ गेटवर डबल द्यायचे, मग घराघरांतून मोटारी सुरू व्हायच्या. कुणाची टाकी भरून वाहू लागली की भाऊ त्या घरासमोर जाऊन एकच ठोका देत. तेवढ्यावर आतला माणूस बटणाकडे पळे. नावाने हाक मारायची गरज नसे.

समोरच्या सावंतांकडे त्यांच्या मुलीचा साखरपुडा होता. मुलाकडची माणसं पुण्याची, जरा तोऱ्यातली. अंगठी बोटात जायची वेळ आणि बाहेर गेटवर 'टक'. सावंतकाका पाहुण्यांना तसंच सोडून उठले आणि आत धावले. पाहुण्यांना वाटलं, काही अपशकुन झाला. परत आले तेव्हा भाऊ दारात उभे होते. मुलाचे वडील जरा तिरसटपणे म्हणाले, "मुहूर्ताला दोन मिनिटं थांबला असतात तर काय बिघडलं असतं?"

"मुहूर्त थांबवाय येतो," भाऊ म्हणाले. "पाणी नाय थांबत." आणि पेढा घेऊन गेले.

दुसऱ्याची टाकी गळलेली त्यांना सहन होत नसे. आमच्याकडचा बॉलकॉक बिघडला तेव्हा मी प्लंबरला फोन केला होता. प्लंबर आमच्याकडचा, 'येतोच' म्हणाला म्हणजे त्या आठवड्यात तरी येत नाही. भाऊच शिडी घेऊन आले. टाकीत हात घालून त्यांनी तो पोकळ गोळा वर उचलून धरला, पाणी थांबतंय का ते पाहिलं, आणि आतला झिजलेला वायसर काढून माझ्या तळहातावर ठेवला. रबराची एवढीशी चकती, मधे खड्डा पडलेली.

"हाच तो फुकट्या," ते म्हणाले. "एवढासा दिसतो, पण गाडी थांबू देत नाय."

गाडीचं बोलणं त्यांच्या तोंडून कधी गेलं नाही. घरात चार माणसं आली की "पुढे सरका, मागे जागा हाय." कुणी फार वेळ बसून राहिलं की "तुमचा स्टॉप गेला काय वो?" त्यांच्या पडवीत एक लांब बाकडं होतं. त्यावर भाऊ नेहमी कडेला बसत, पाऊण बाकडं मोकळं ठेवून. एकदा मी म्हटलं, "भाऊ, सरकून नीट बसा की." तर म्हणाले, "खिडकीची सीट हिची." जाधवकाकूंना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. आत भिंतीवर बुद्धाचा फोटो आणि त्याच्या शेजारी काकूंचा, त्यांच्या खालीच टेबलावर फोन चार्जिंगला लावलेला. घरात बोलण्यासारखं एवढंच. मी गेले की ते अजूनच कडेला सरकत आणि मला मधे बसवत. खिडकी मात्र मोकळीच राही.

अशा माणसाची स्वतःची टाकी गळत होती, हे आमच्या आळीतलं मोठं आश्चर्य. आमच्या इथे उतारामुळे खालच्या घरांना पाण्याचा जोर असतो, मोटार न लावता पाणी टाकीत चढतं. भाऊंची टाकी सकाळी लगेच भरायची. मग बॉलकॉकने पाणी बंद करायला हवं, पण तो करत नसे, आणि नळाचं पाणी जाईपर्यंत ओव्हरफ्लोमधून टप टप टप चालू राही. भाऊ त्याच्याखाली बादली लावत. बादली भरली की झाडांना घालत, पुन्हा लावत. सगळ्या आळीला एक घंटी देणारा माणूस स्वतःच्या पाइपाखाली बसून बादल्या बदलत असे. सावंतकाकू म्हणायच्या, "दिव्याखाली अंधार." मीही हसायचे. विचारलं की भाऊ म्हणत, "चाललंय. अळवाला बरं."

एकदा आमच्या ह्यांना परोपकाराची उबळ आली. बाजारातून वायसर आणला, रविवारी शिडी लावली आणि भाऊंना न विचारता स्लॅबवर चढले. भाऊ आतून आले. त्यांनी कधी रागाने आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. भर गर्दीच्या गाडीतही चढवत नसत म्हणे.

"खाली उतरा," ते म्हणाले.

"भाऊ, पाच मिनिटांचं काम आहे."

"ठावं हाय मला किती मिनटांचं हाय ते. उतरा खाली." हे उतरले. भाऊ शिडीला हात लावून उभेच होते. मग जरा ओशाळून म्हणाले, "अनिल करणार हाय. त्यानं सांगितलंय, बाबा तुमी चढू नका, कुणाला लावू नका, मी येऊन करतो."

अनिल त्यांचा एकुलता एक मुलगा. मुंबईत लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. चांगला मुलगा, लहानपणी आमच्या गच्चीत पतंग उडवायला यायचा. पण लोकांच्या लिफ्ट नेमक्या सणावारी अडकतात, आणि रजा मागितली की कुणीतरी आधीच रजेवर गेलेला असतो. तो दर रविवारी दुपारी फोन करायचा. भाऊंचा आवाज कंडक्टरचा. फोनवर बोलायचे ते जणू मागच्या सीटवरच्या माणसाशी. त्यामुळे ते सगळं बोलणं आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. मी कान लावून ऐकत नव्हते, एवढंच सांगते.

"जेवलंव. व्हय, गोळी घेतली. पोरं बरी हायत? बरं." इथे ते बोलणं संपायचं. बाप-लेकांना एकमेकांशी बोलायची सवयच नव्हती. अनिल मोठा होत होता तेव्हा भाऊ मुक्कामाच्या गाडीवर असायचे. दोन्हीकडे गप्प. मग तिकडून प्रश्न यायचा आणि भाऊंचा आवाज एकदम उघडायचा. "गळतंय ना! आज तर लईच. नाय नाय, गोळा बरोबर हाय, वर येतो. मी खालनं बघितलं. दांडी? दांडी वाकलेली असंल काय रे? तू सांग." आणि त्यावर पुढे बराच वेळ. वायसर की दांडी, पितळेचा घ्यावा की प्लास्टिकचा, पाण्याचा जोर वाढलाय का. ज्या माणसाने आळीतल्या सगळ्या टाक्या दुरुस्त केल्या होत्या तो मुलाला विचारत होता, बॉलकॉक कुठल्या बाजूने फिरवायचा.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं आणि मी ह्यांना बजावलं, पुन्हा त्या शिडीला हात लावायचा नाही.

त्या मे महिन्यात अनिल आला. बायको, दोन मुलं, सगळे. भाऊंनी दोन दिवस आधीपासून घर धुऊन काढलं, फणस आणला, आंब्याची पेटी माळ्यावर नेऊन झाकली. मलाही गेटवर थांबवून सांगितलं, "उद्या येतायत. टाकीचं काम निघतंय." सगळी आळी ते टाकीचं काम बघायला टपून होती म्हटलं तरी चालेल.

आणि टाकी गळेचना.

सकाळी पाणी आलं. भाऊंनी डबल दिली. मुलं न्हाणीघरात शिरली ती बाहेर येईनात. सूनबाईंनी कपड्यांचा ढीग भिजवला. फणस कापून हात धुतले गेले, प्रवासात मातीने माखलेली पायताणं धुतली गेली, परत मुलं नळाखाली. वर नवं पाणी पडत होतं आणि खालून संपत होतं. टाकी अर्ध्याच्या वर चढली नाही आणि नळाचं पाणी गेलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. अनिल पाइपाखाली उभा राहून वर बघत होता. पाइप कोरडा ठणठणीत.

"बाबा, गळतंय कुठे?"

"गळत होतं रे," भाऊ म्हणाले. मग त्यांनी वर पाहिलं, मी गच्चीत कपडे वाळत घालत होते. "ताई, सांगा वो ह्याला. गळतं का नाय?"

"रोज गळतं," मी म्हटलं. "अळू बघ की."

अनिल हसला. शिडी लावून वर गेला, झाकण उघडून आत बघितलं, गोळा दोनदा हलवला. "वर वर ठीक दिसतंय बाबा. टाकी भरल्याशिवाय काही कळायचं नाही. पुढच्या वेळी बघू." भाऊ खाली शिडी धरून उभे होते. मला त्यांचा चेहरा बघवेना, म्हणून मी वाळलेला टॉवेलच परत पिळत बसले.

ते लोक गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी भरली आणि गळायला लागली. टप टप टप. मी आंब्याचं पन्हं घेऊन गेले तर भाऊ बादली लावून बाकड्याच्या कडेला बसले होते. मुलांचा एक चेंडू खिडकीच्या सीटवर होता.

"बघा ताई, लागलं," ते म्हणाले. बादली पाइपाखाली नीट सरकवली. "कॉक काय एवढा वाईट नाय. पाणी वापराय माणूस नाय घरात. मी एकटा किती न्हाणार?"

मी पन्ह्याचा गडू ठेवला आणि घरी आले. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते भाऊंना दाखवायचं नव्हतं.

पुढे अनिल थंडीत आला, एकटाच, कुणाच्या तरी लग्नाच्या निमित्ताने. या वेळी भाऊंनी काय करावं? पहाटेपासून सावंतांच्या विहिरीवर खेपा घालायला सुरुवात केली. वय सत्तरीच्या पुढे, आणि हातात दोन कळशा. सावंतकाकू घाबरल्या; वर येऊन मला म्हणाल्या, "अगं, त्यांच्या नळाला पाणी नाही का? मुलगा आलाय आणि हे विहिरीवर." मी खाली पाहिलं. न्हाणीघराच्या दाराशी भाऊंनी पिंप भरून ठेवलं होतं आणि आत जाणाऱ्या अनिलला सांगत होते, "नळाचं घेव नको, थंडगार असतं. हे विहिरीचं घे, ऊन असतं." भांडी विहिरीच्या पाण्याने, चहा विहिरीच्या पाण्याने. टाकीला त्या दिवशी कुणी बोट लावलं नाही. मी काकूंना म्हटलं, "काकू, आज त्यांना नेऊ दे पाणी. विचारू नका." काकूंनी विचारलं नाही, पण दोर मात्र स्वतःच ओढू लागल्या.

टाकी भरली. पाइपाने पहिला थेंब टाकला तेव्हा भाऊ पडवीतून उठलेच. "अनिल! ये रे, ये. बघ."

अनिल टॉवेल गुंडाळलेला तसाच आला. वर बघितलं. मग त्या रिकाम्या कळशांकडे, पिंपाकडे, वडलांच्या भिजलेल्या बाह्यांकडे बघितलं. लिफ्टचा माणूस, कुठली दोरी कुठे ओढली गेलीय हे त्याला कळायला वेळ लागला नसावा. तो शर्ट घालून आला, शिडी लावली. भाऊंनी शिडी धरली.

"वायसर लागेल बाबा. बाजारात जाऊन येतो."

"थांब." भाऊ आत गेले आणि खुंटीवरची त्यांची कंडक्टरची चामड्याची पिशवी घेऊन आले. सुट्या पैशांच्या कप्प्यातून त्यांनी कागदात गुंडाळलेला वायसर काढला. कागद जुना झाला होता, घडीवर फाटायला आलेला.

"हा तुमच्याकडे होता?"

"होता."

"मग लावला नाहीत? अख्ख्या गावाच्या टाक्या तुम्ही..."

"तू म्हणालास ना," भाऊ शिडीकडे बघत म्हणाले, "मी येऊन करतो म्हणून."

अनिल वर चढून गेला. वायसर पाच मिनिटांत बसला, पण तो खाली आला नाही. त्याने टाकी रिकामी केली, आत उतरला, तळाचा गाळ काढला, घासून घासून धुतली. भाऊ खालून बादली देत होते, तो वरून घेत होता. "अजून एक." "घे." "झाडू द्या." "घे." जेवायची वेळ टळून गेली तरी दोघांना भूक नव्हती. त्या एका दिवसात ते दोघं एकमेकांशी जेवढं बोलले तेवढं मी रविवारच्या सगळ्या फोनांत मिळून ऐकलं नसेल. आणि बोलणं काय, तर बादली आणि झाडू. सावंतकाकू अळवाची भाजी आणि भात घेऊन गेल्या तेव्हा दोघं पडवीत बाकड्यावर बसले होते. खिडकीच्या सीटवर अनिल होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी भरली आणि थांबली. पाइप गप्प. भाऊ त्याच्याखाली हात धरून उभे राहिले. हात कोरडाच राहिला. काम चांगलं झालं होतं. मला मात्र येणाऱ्या रविवारचीच काळजी वाटायला लागली.

अनिलची गाडी दुपारची होती. रिक्षा गेटशी आली. भाऊंनी त्याच्यासाठी अळू तोडून वर्तमानपत्रात बांधला होता, कोकम दिलं होतं, ती पिशवी आपल्या हाताने आत ठेवली. मी गच्चीतून हात केला.

"आता गळणार नाही बाबा," अनिल म्हणाला. "गळलं तर सांगा."

"कशाला गळतंय? पक्का बसवलायस तू."

"तरी. गळलं तर सांगा."

"सांगतंव."

रिक्षावाला आमच्या भागातलाच, त्याला भाऊंची रीत माहीत होती. तो मागे वळून थांबला. भाऊंनी खिशातला पंच काढला आणि रिक्षाच्या दांडीवर डबल दिली. रिक्षा निघाली, उतारावरून खाली गेली, वळणावर जरा मंदावली आणि मोठ्या रस्त्याला लागून दिसेनाशी झाली.

त्यानंतरही आम्ही शेजारी होतो, त्यांचा शेवटचा आजार आला, सगळं झालं. पण भाऊ म्हटले की मला ते त्या दुपारचेच दिसतात. रिक्षा गेल्यावर ते आत गेले नाहीत. गेट लावलं, गेटच्या आतच उभे राहिले. अळवाच्या पानांवर ऊन होतं, पाइपातून काही पडत नव्हतं. मग त्यांनी हातातला पंच हळूच गेटवर टेकवला आणि एक ठोका दिला, गाडी थांबवायचा. एकच.

मी सवयीने मागे वळून आमच्या टाकीकडे पाहिलं. टाकी वाहत नव्हती. त्या वेळी आळीत कुणाचीच मोटार चालू नव्हती.